पार्किन्सन्स आणि नव्या चेतापेशी : बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचे जुन ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला : पार्किन्सन्स म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत नव्या चेतापेशी सोडल्याचा. लगोलग आपल्याकडच्या मोबाइलवर त्याची ‘कंपवातावर इलाज सापडला’ एवढी एक ओळ होऊन फिरू लागली. माझ्या सासऱ्यांना हा आजार आहे आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून नात्यागोत्यातली, ओळखीपाळखीची माणसं मला विचारतात. ते प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. गोळ्यांच्या डोसाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचाच. पण या संशोधनात काय साधलं आणि काय अजून साधायचं आहे, हे आपल्या भाषेत नीट सांगायलाच हवं. अर्धवट बातमीच्या जोरावर भोळ्या घरांकडून लाखो रुपये मागितले जातात, ते मी जवळून पाहिलं आहे.

हा आजार नेमका कशामुळे होतो?

मेंदूच्या खालच्या भागात, मध्यमेंदूत, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक लहानसा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन बनवतात आणि लांब तंतूंमधून वरच्या भागाला पोचवतात. हालचाल सुरू करणं, ती ओघात ठेवणं, थांबवणं हे सगळं त्यावर चालतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात, म्हणून ‘कालपरवापर्यंत ठणठणीत होते हो’ असं घरचे म्हणतात तेव्हा आजार आत कित्येक वर्षं मुरलेला असतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. डोपामिनची कमतरता हे कारण मात्र १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून दाखवलं. पेशी का मरतात, याचं एक मोठं सूत्र १९९७ मध्ये हाती आलं : अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन पेशीत चुकीच्या घडीचं होऊन साठत जातं. त्याचे जे गोळे होतात त्यांना लुई बॉडी म्हणतात.

ताकाहाशींनी केलं काय?

ताकाहाशी मूळचे न्यूरोसर्जन. क्योतोतच शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन त्यांच्यापासून मूळपेशी, म्हणजे जिच्यापासून हवी ती पेशी घडवता येते अशी ‘स्टेम सेल’, बनवायची रीत शोधली. त्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. ताकाहाशींच्या पथकाने अशा पेशींना टप्प्याटप्प्याने डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या वाटेवर आणलं. नको त्या पेशी गाळून काढल्या, कारण एखादी कच्ची मूळपेशी आत राहिली तर तिची गाठ होऊ शकते. २०१७ मध्ये माकडांवरचे निष्कर्ष छापले आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली.

पेशी रुग्णाच्या स्वतःच्या नव्हत्या. एका निरोगी दात्याच्या पेशींपासून तयार केलेल्या होत्या, म्हणून शरीराने त्या झिडकारू नयेत यासाठी रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं गेलं. हा भाग मोबाइलवरच्या बातमीत कुठेच नसतो.

मग रुग्ण बरे झाले का?

‘बरे’ हा शब्द मी वापरणार नाही. आकडे सांगते.

५० ते ६९ वयाच्या ७ रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना पेशी सोडल्या. तिघांना कमी, चौघांना जास्त. जास्त म्हणजे एकेका बाजूला ५० लाखांहून थोड्या अधिक. २ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मुख्य प्रश्न होता, हे सुरक्षित आहे का? गंभीर दुष्परिणाम झाला नाही, गाठ झाली नाही. चाचणीचं हे खरं यश आहे आणि ते मोठं आहे.

हालचालींची मोजणी सहा जणांची झाली. औषधाचा असर नसताना मोजलं तेव्हा त्यातल्या चौघांत सुधारणा दिसली. सहा जणांची सरासरी धरली तर सुमारे २० टक्के. पेट स्कॅनवर (मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या तपासणीत) डोपामिन तयार होत असल्याची खूण सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पेशी जगल्या आणि काम करू लागल्या.

पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नवीन उपचार मिळतोय या आशेनेच पार्किन्सन्सचा रुग्ण काही काळ चांगला चालू लागतो, हे या आजारात वारंवार दिसलेलं आहे. सात माणसांवरून जगभरच्या रुग्णांबद्दल निकाल देता येत नाही आणि ताकाहाशींनीही तो दिलेला नाही. त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचाही असाच अभ्यास आला, त्यात भ्रूणापासून मिळवलेल्या मूळपेशी वापरल्या होत्या. तिथेही सुरक्षितता दिसली. दोन वेगळ्या पथकांना वेगळ्या पेशी वापरून एकाच दिशेचं उत्तर मिळालं, मला आशा वाटते ती यामुळे.

ऊस तोडताना कोयत्याने तुटलेली हाताची नस शिवली की परत वाढते. मेंदूतली का वाढत नाही?

खानापूरच्या एका काकांनी विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण गेल्या शंभर वर्षांचं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरलं आहे.

हाताच्या नसेतला तंतू तुटला तरी तो ज्या पेशीचा, ती पेशी पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या शेजारी जिवंत असते. तुटलेल्या जागेच्या पुढे श्वान पेशींची (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव; या पेशी तंतूला वेढून असतात) नळी उरते. पाणी सोडल्यावर कोरड्या पाटातून ते पुढे सरकावं, तसा नवा तंतू त्या नळीतून सरकतो. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वीतभर अंतर धरलं तर पाच-सहा महिने होतात. बोटाला मुंग्या येऊ लागल्या की सर्जन खूश होतात ते याचसाठी.

मेंदूत आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथल्या तंतूंवरच्या वेष्टणातच वाढ थांबवणारी रसायनं असतात. स्वित्झर्लंडच्या मार्टिन श्वाब यांनी त्यातलं नोगो हे प्रथिन शोधलं. शिवाय जखमेच्या जागी घट्ट वण तयार होतो. स्पेनचे रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं की मेंदूतले तुटलेले तंतू वाढायचा प्रयत्न करतात आणि थबकतात. मग १९८० च्या सुमारास मॉन्ट्रियलला अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तर तेच तंतू त्या तुकड्यातून लांबवर वाढले. दोष पेशीत कमी आणि भोवतालात जास्त, हे त्यावरून कळलं.

पार्किन्सन्समध्ये आणखी एक अडचण आहे. इथे तंतू तुटलेला नसतो, पेशीच मेलेली असते. मेलेल्या पेशीला नवा फुटवा येत नाही. म्हणून नवी पेशीच आणून लावावी लागते.

मग ती नवी पेशी जिथली मेली तिथेच का लावत नाहीत?

लावली तर तिला वरपर्यंत तंतू न्यावा लागेल आणि वाटेत वर सांगितलेले सगळे अडथळे आहेत. म्हणून डोपामिन जिथे पोचायला हवं त्या पुटामेन नावाच्या भागातच पेशी सोडतात. तिथे आजूबाजूला फांद्या फुटल्या की काम भागतं. अर्थात निरोगी पेशीचा पसारा प्रचंड असतो. माणसातल्या अशा एका पेशीच्या सगळ्या फांद्या जोडल्या तर काही मीटर लांबी भरेल आणि तिची लाखो ठिकाणी जोडणी असेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेवढा पसारा लावलेल्या पेशीकडून मिळणं अवघड.

वाढवायचं टॉनिक मेंदूत सोडलं तर? उरलेल्या पेशी तरी टिकतील.

हा विचार झालेला आहे. रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी चेतापेशी वाढवणारं पहिलं प्रथिन शोधलं, १९८६ चं नोबेल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं. डोपामिन पेशींना जगवणारं जीडीएनएफ हे प्रथिन १९९३ मध्ये सापडलं. प्राण्यांत त्याने कमाल केली, रुग्णांवरच्या नियंत्रित चाचण्यांत मात्र अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही. काम अजून चालू आहे.

पेशी लावण्याचा प्रयोग हा पहिलाच का?

नाही. स्वीडनमधल्या लुंड इथे अँडर्स ब्योर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांच्या पथकाने १९८७ मध्येच गर्भाच्या मेंदूतली ऊती रुग्णांत लावली होती. काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला. २००१ मध्ये अमेरिकेत खोट्या शस्त्रक्रियेशी (म्हणजे पेशी न सोडता नुसत्या केलेल्या शस्त्रक्रियेशी) तुलना करून चाचणी झाली तेव्हा चित्र बदललं : एकंदर फायदा अपेक्षेपेक्षा कमी आणि काहींना थांबवता न येणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या. २००८ मध्ये तर लावून दहा-पंधरा वर्षं झालेल्या नव्या पेशींमध्येही लुई बॉडी दिसल्या. म्हणजे आजार नव्या पेशींपर्यंतही पोचू शकतो. ताकाहाशींचं काम या सगळ्याच्या पुढचं पाऊल आहे आणि २ वर्षांचा काळ या आजारात थोडाच म्हणायचा.

आम्हाला एका केंद्रातून फोन आला. ‘जपानचीच ट्रीटमेंट, स्टेम सेलचं इंजेक्शन, साडेतीन लाख.’ शेत गहाण ठेवून घेऊ का?

नको. कृपा करून नको.

आमच्या नात्यातल्या एका घराने असे पैसे भरले. मामांच्या कमरेतून काही काढलं, शिरेतून सलाइनबरोबर काही सोडलं. दोन महिने ‘फरक वाटतोय’ असं सगळेच म्हणत होते, मामीसुद्धा. नंतर चाल होती तशीच, आणि घरात रोजच्या गोळ्यांची चणचण. ते केंद्र कोणतं ते सांगत नाही, कारण एकट्या त्याचाच हा धंदा नाही.

दोन गोष्टी तपासा म्हणजे फरक कळेल. ताकाहाशींच्या पेशी कवटीला छिद्र पाडून, स्कॅनच्या साहाय्याने, मेंदूच्या ठरावीक जागी सोडल्या होत्या. शिरेतल्या सलाइनमधून डोपामिनची पेशी मेंदूत जाऊन जागा धरते, याला पुरावा नाही. दुसरं म्हणजे कायदा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात मूळपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या विकारांसाठीचं मूळपेशी-रोपण. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच करता येतं. आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर ती चाचणी नव्हे, विक्री आहे.

खरी चाचणी आहे की नाही, घरबसल्या कसं कळणार?

भारतातली प्रत्येक वैद्यकीय चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. केंद्रवाल्यांकडे नोंदणी क्रमांक मागा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला तो त्या संकेतस्थळावर टाकायला सांगा, पैसे लागत नाहीत. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की उठून या.

संमतीचा कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. आप्पांनी न वाचताच सही केली. चालतं का?

चालत नाही. चाचणीची माहिती आणि संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, असं २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम सांगतात. तुमचे आप्पा मराठीच वाचत असतील तर मराठी प्रत मागणं हा त्यांचा हक्क आहे. हुबळीला जा, बेंगळुरूला जा, नाही तर मिरजेला. हक्क बदलत नाही. आपल्या भागात कागदाची भाषा हा नाजूक विषय असतो आणि म्हातारी माणसं वाद नको म्हणून अंगठा किंवा सही करून मोकळी होतात. इथे तसं करू नका. कागद घरी न्यायला मागा, रात्री घरच्यांनी मिळून वाचा, कधीही माघार घेता येईल आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई मिळेल, हे त्यात लिहिलं आहे का ते बघा.

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच का?

नेहमी नाही. पार्किन्सन्समधला हात बहुधा मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो, आणि सुरुवात एकाच बाजूने होते. चहाची कपबशी उचलतानाच हात कापत असेल तर कारण वेगळं असू शकतं. थरथरीपेक्षा मंदपणाकडे लक्ष द्या. वडगावातले एक विणकर काका सांगत होते की तुटलेला धागा जोडायला बोटं आधीसारखी चालेनात, तेव्हा डोळ्यांचा नंबर वाढला असं त्यांना वाटलं. माझ्या सासऱ्यांचं आम्हाला बँकेत कळलं. पेन्शनच्या स्लिपवरची सही जुळेना. पहिलं अक्षर ठीक, पुढची बारीक बारीक होत शेवटचं नुसता ठिपका. कॅशियरनी तीनदा करायला लावली, तिन्ही वेळा तसंच. अक्षर असं आक्रसत जाणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं-लाथा मारणं ही तर त्याच्याही कित्येक वर्षं आधी दिसू शकतात.

आणखी एक, अगदी महत्त्वाचं. चक्कर येते म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घेतलेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजाराची काही औषधं यांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. अशी गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत माणूस पूर्ववत झाल्याची उदाहरणं आहेत.

लेव्होडोपा जेवणाबरोबर घ्यायची की नंतर?

लेव्होडोपा म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन होणारी, या आजाराची नेहमीची गोळी. ती जेवणाआधी घ्यायची, साधारण अर्धा तास. डाळ, दूध, अंडी, मटण यातल्या प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरतात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. दुधाच्या चहाबरोबर गोळी घेऊन ‘असरच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. साध्या पाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर एखादं बिस्किट चालतं. लोहाच्या गोळीशीही अंतर ठेवा. वेळ पाळणं हे डोसाइतकंच महत्त्वाचं, मोबाइलला गजर लावा. आणि गोळी एकदम कधीही बंद करू नका, उपवास असो वा गावची जत्रा. अंग ताठून ताप चढण्यापर्यंत वेळ येते.

खाजकुयलीच्या बिया घेतल्या तर गोळीची गरज नाही, असं वैद्य म्हणतात.

खानापूरच्या जंगलातली हीच ती अंगाला खाज आणणारी शेंग. तिच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं करून दाखवलं. आयुर्वेदात कंपवातावर ती पूर्वापार वापरतात आणि त्यात तथ्य आहे. अडचण मापाची आहे. एक चमचा चूर्णात किती औषध गेलं हे दर बीगणिक बदलतं. गोळीच्या जोडीला गुपचूप चूर्ण घेतलं तर डोस दुप्पट होऊन भास होणं, अंग वळवळणं सुरू होतं. घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

शेतातल्या फवारणीचा संबंध आहे का?

आहे, अशी शंका घ्यायला भक्कम जागा आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलेलं बनावट अमली द्रव्य टोचून घेतलेली तरुण मुलं अचानक ताठली, थेट पार्किन्सन्ससारखी. त्या एमपीटीपीपासून शरीरात बनणाऱ्या विषाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. पॅराक्वाट आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्या शेतमजुरांत हा आजार जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे दुकानात मिळतं. पाठीवरचा पंप गळका असेल तर आधी तो दुरुस्त करा, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, हातमोजे-तोंडाला फडकं विसरू नका, ओले कपडे अंगावर वाळवू नका.

निपाणीत म्हणतात, तंबाखू ओढणाऱ्याला हा आजार होत नाही.

धूम्रपान करणाऱ्यांत प्रमाण कमी दिसतं, हे खरं. पण रुग्णांना निकोटिनच्या पट्ट्या लावून बघितलं तेव्हा आजाराची गती कमी झाली नाही. विडीने कॅन्सर आणि हृदयविकार मात्र नक्की होतात.

मुलांना होईल का? संसर्ग होतो का?

संसर्ग होत नाही. बहुतेक रुग्णांत तो थेट वारशाने आलेला नसतो. पन्नाशीच्या आत सुरू झाला किंवा घरात दोघांना असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा.

मेंदूत तार घालतात, ते म्हणजे हेच का?

नाही. ते डीप ब्रेन स्टिम्युलेशन. फ्रान्सच्या ग्रनोबल इथे अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून ते रुजवलं. त्याने नवी पेशी उगवत नाही, बिघडलेल्या लयीला विजेच्या सूक्ष्म ठोक्यांनी आवर बसतो. योग्य रुग्णाला फायदा चांगला होतो आणि ते आज मान्य, उपलब्ध आहे. खर्च लाखांत जातो.

दारात आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. काय करावं?

ओढू नका, ढकलू नका. थांबा, वजन एका पायावर घ्यायला सांगा आणि ठेका द्या. बाहेरून ताल मिळाला की अडलेलं पाऊल उचललं जातं, यावर बरेच अभ्यास झाले आहेत. आमच्याकडे सासऱ्यांसाठी टाळ वाजवतो. उभं आयुष्य दिंडीत चाललेल्या माणसाचे पाय त्या ठेक्याला लगेच जागे होतात. उंबरठ्याच्या अलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आहेत, त्या ओलांडत ते स्वयंपाकघरात येतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात एकटं सोडू नका.

आईचं वय ७६. जपानच्या पेशींचा तिला उपयोग होईल का?

क्योतोच्या चाचणीत ६९ च्या वरचं कुणी नव्हतं. मेंदूची शस्त्रक्रिया, नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हे त्या वयाला पेलेल का हा प्रश्न डॉक्टरांपुढेही असेल. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत मी त्या पेशींवर हिशोब मांडलेला नाही. आई आज काय करू शकते ते बघा : वेळेवर गोळी, रोज चालणं, मोठ्याने वाचन किंवा भजन म्हणजे आवाज टिकतो. जेवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.